कोपऱ्यातला पहारेकरी

चढाईपटूच्या नावाचा जयघोष होतो, पण सामना अनेकदा फिरतो तो कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूच्या एका पकडीने. या खेळाडूची व्यावसायिक कारकीर्द कशी घडते, किती टिकते आणि वाशीमसारख्या जिल्ह्यातून तिच्याकडे जाणारी वाट कशी आहे, याचा हा आढावा.

कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ, असे आपण अभिमानाने सांगतो. वऱ्हाडाला तर हा अभिमान बाळगण्याचे आणखी एक कारण आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली आणि त्यांत कबड्डीचाही समावेश होता. १९९० मध्ये हा खेळ आशियाई क्रीडा स्पर्धेत आला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हुतूतू म्हणून गावच्या मैदानावर खेळला जाणारा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, झगमगत्या दिव्यांखाली आला. त्याबरोबरच 'व्यावसायिक कबड्डीपटू' ही नवी जमात जन्माला आली.

या जमातीतही सर्वांचे नशीब सारखे नाही. चढाईपटूच्या कौशल्याला प्रसिद्धीचे वलय आहे. त्याच्या समोर उभ्या असणाऱ्या कोपरारक्षकाचे काम मात्र सामान्य प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही. त्याची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी त्याची जागा समजून घ्यावी लागते.

साखळीचे टोक

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. आपल्या साडेसहा मीटरच्या अंगणात सात खेळाडू उभे राहतात. दोन्ही टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी आतले दोघे, त्यांच्यालगत दोन मध्यरक्षक, ज्यांना हल्ली सर्रास कव्हर म्हटले जाते, आणि मधोमध एक खेळाडू. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू हात धरून साखळी करतात आणि चढाईपटूच्या हालचालीबरोबर ती साखळी झुलत राहते.

चढाईपटूला एका चढाईसाठी ३० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याला निदान रेषा ओलांडावी लागते, किंवा कुणाला तरी स्पर्श करून परतावे लागते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील, तर एक पाय हवेत ठेवून दुसऱ्या पायाने बोनस रेषेपलीकडे टेकता आल्यास त्याला एक जादा गुण मिळतो. नेमका हाच क्षण कोपरारक्षकाचा असतो. बोनससाठी पाय पुढे गेला, शरीराचा तोल एका पायावर आला की तो खाली झेपावतो आणि घोटा धरतो. जुन्या खेळाडूंच्या भाषेत पट काढतो.

हे वर्णन वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात झेप अर्धा क्षण आधी पडली तर चढाईपटू तिच्यावरून उडी मारून निघून जातो आणि उशिरा पडली तर स्पर्श करून मध्यरेषा गाठतो. घोटा धरल्यावरही काम संपत नाही. मध्यरक्षकाने येऊन धडक देईपर्यंत, इतरांनी कंबर आणि मांडी जखडेपर्यंत ती पकड सुटता कामा नये. म्हणजे सुरुवात करणारा एक आणि शेवट करणारे तिघे-चौघे, असे हे सामुदायिक कर्म आहे. पकडीचा गुण पुष्कळदा पहिल्याच्या नावावर लागतो आणि पकड फसली तर दोषही त्याच्याच माथी येतो.

गुणांचा विषम व्यवहार

कबड्डीच्या नियमांनी चढाई आणि पकड यांना सारखे माप लावलेले नाही. चढाईपटूने तिघांना स्पर्श केला तर तीन गुण मिळतात. बचावपटूंनी पाच जणांच्या बळावर चढाईपटूला रोखले तरी संघाला गुण एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक जादा गुण मिळतो. तिलाच अव्वल पकड म्हणतात. पण पकडीचा प्रयत्न फसला, तर चढाईपटूला ज्यांनी ज्यांनी स्पर्श केला ते सारे बाद होतात. यश मिळाले तर एक गुण आणि अपयश आले तर निम्मा संघ बाहेर, असा हा सौदा आहे.

त्यामुळे आकडेवारीच्या तक्त्यात बचावपटू नेहमीच मागे दिसतो. सामन्यात दहा गुण मिळवणाऱ्या चढाईपटूच्या नावापुढे 'सुपर टेन' लागते. बचावपटूला 'हाय फाइव्ह'चा मान पाच गुणांवरच मिळतो, कारण पाच पकडी हीच मोठी कामगिरी मानली जाते. प्रो कबड्डीत प्रदीप नरवालने चढाईतून १,८०० हून अधिक गुण मिळवले. पकडीत सर्वांत पुढे असलेल्या इराणच्या फझल अत्राचलीचे गुण ५०० हून अधिक आहेत. या दोन आकड्यांची तुलना करून दोघांची योग्यता ठरवणे म्हणजे फलंदाजाच्या धावा आणि गोलंदाजाचे बळी एकाच तराजूत घालण्यासारखे होईल.

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. या नियमामुळे बचावपटूच्या संयमाला मोल आले. पहिल्या दोन चढायांत काहीही न करता केवळ अंतर राखणे आणि तिसऱ्या वेळी अडचणीत सापडलेल्या चढाईपटूवर तुटून पडणे, ही आजच्या बचावाची प्रमुख रीत आहे. उत्तम कोपरारक्षकाची गुणवत्ता त्याने केलेल्या पकडींइतकीच त्याने टाळलेल्या पकडींत असते. दुर्दैवाने टाळलेल्या पकडीची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

शरीर हेच भांडवल

प्रो कबड्डीत खेळाडूच्या वजनाला ८५ किलोची मर्यादा आहे. त्यामुळे केवळ धिप्पाड माणूस उभा करून बचाव भक्कम करता येत नाही. कोपरारक्षकाला त्या मर्यादेत राहून पायांत स्फोटक वेग, बोटांत आणि मनगटात चिवट पकड, पाठीत आणि खांद्यांत ताकद साठवावी लागते. जोर, बैठका, दोरावरची चढण, मल्लखांब या देशी व्यायामांची जागा आता बरीचशी वजनांच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाने घेतली असली, तरी दोहोंचे उद्दिष्ट एकच आहे.

या भांडवलाची झीजही तितक्याच वेगाने होते. धावत्या माणसाच्या पायात झेपावणाऱ्याच्या तोंडावर गुडघा बसतो, बोटे पिरगळतात, खांदा निखळतो. सर्वांत भयावह असते ती गुडघ्यातील अस्थिबंधाची दुखापत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पूर्ण जोमाने मैदानात उतरायला साधारणपणे नऊ महिने ते वर्ष जाते. म्हणजे किमान एक हंगाम हातचा जातो. मातीवर पाय घसरतो आणि आघाताचा काही भाग त्या घसरण्यात जिरतो. मॅटवर बुटांची पकड घट्ट असते, पाय रोवलेला राहतो आणि शरीर फिरते. मातीवर घडलेल्या मुलाला मॅटवर झेपेची वेळ आणि पाय सोडवण्याची रीत नव्याने शिकावी लागते, ती यासाठीच.

तरीही बचावपटूच्या बाजूने एक गोष्ट आहे. वेग वयाबरोबर उणावतो, अंदाज मात्र पक्का होत जातो. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन याचे ठळक उदाहरण आहे. १९७५ मध्ये जन्मलेल्या या कोपरारक्षकाने २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सला कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिले आणि २०१९ च्या हंगामात, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो हरयाणा स्टीलर्सकडून खेळत होता. हा अपवाद आहे हे खरे, परंतु अशा अपवादांत बचावपटू अधिक आढळावेत, हा योगायोग नाही.

ऑस्ट्रेलियातील समानधर्मी

एकाच विशिष्ट कामासाठी शरीर झिजवणारा आणि श्रेयात मागे राहणारा खेळाडू केवळ कबड्डीत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये 'रकमन' नावाची जागा असते. क्रिकेटमुळे आपल्याला परिचित असलेल्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर उन्हाळा सरला की हाच फुटबॉल खेळला जातो. अंडाकृती मैदान, लंबगोल चेंडू आणि प्रत्येक संघाचे १८ खेळाडू. मैदानाच्या मध्यभागी पंच चेंडू हवेत चढवतात आणि दोन्ही संघांचे रकमन एकमेकांवर आदळत उंच उडी घेतात. चेंडू झेलणे हे त्यांचे काम नसते. तो हाताने टोलवून आपल्या चपळ साथीदाराकडे ढकलायचा असतो. पुढे धाव, पास आणि गोल यांचे श्रेय इतरांना मिळते.

या जागेसाठी उंची लागते. फ्रीमँटल संघाचा ॲरॉन सँडिलँड्स २११ सेंटिमीटर उंच होता. २००३ ते २०१९ या काळात तो २७१ सामने खेळला. दुसरे नाव जिम स्टाइन्सचे. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळणारा हा डब्लिनचा तरुण १९८४ मध्ये मेलबर्न संघाने हेरून आणला. अनोळखी खेळ, अनोळखी चेंडू. पण १९९१ मध्ये त्याने त्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक पटकावले आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. योग्य शरीर आणि शिकण्याची तयारी असेल, तर खेळाडू दुसऱ्या खेळातूनही घडवता येतो, हे त्याने दाखवून दिले.

या तुलनेतून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दुरून धावत येऊन एकमेकांवर आदळल्याने रकमनच्या गुडघ्यांना होणाऱ्या दुखापती वाढल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियन लीगने २००५ मध्ये मध्यभागी १० मीटर व्यासाचे वर्तुळ आखले आणि त्याच्या बाहेरून धाव घेण्यास मज्जाव केला. एका जागेवरच्या खेळाडूंचे गुडघे वाचावेत म्हणून मैदानाची आखणी बदलली गेली. खेळाडूचे शरीर ही संघटनेचीही जबाबदारी आहे, हे व्यावसायिकतेचे खरे लक्षण. कबड्डीतील नियमबदल आजवर प्रामुख्याने खेळ वेगवान आणि प्रेक्षणीय करण्याच्या दिशेने झाले. बचावपटूच्या शरीराचा विचार त्यात अधिक ठळकपणे यायला हवा.

लिलावातील चढउतार

व्यावसायिक कारकिर्दीचा आलेख लिलावाच्या बोलीत स्वच्छ दिसतो. फझल अत्राचली हा डावा कोपरारक्षक. २०१५ मध्ये यू मुम्बाच्या आणि २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सच्या विजेत्या संघात तो होता. २०१८ मध्ये यू मुम्बाने त्याच्यासाठी १ कोटी रुपये मोजले आणि त्या वर्षीच्या लिलावात बचावपटूही कोटीचा आकडा गाठू शकतो हे सिद्ध झाले. त्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताचा पराभव केला आणि १९९० पासून अबाधित राहिलेली भारतीय पुरुषांची सुवर्णपदकांची मालिका खंडित झाली. भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्या भारतीय संघात महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक होता.

अत्राचलीला २०२२ मध्ये पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाख, तर २०२३ मध्ये गुजरात जायंट्सने १ कोटी ६० लाख रुपये दिले. त्यानंतर आलेख खाली आला. २०२४ मध्ये बंगाल वॉरियर्सने त्याला ५० लाखांना घेतले आणि २०२५ मध्ये दबंग दिल्लीने ३० लाखांना. त्याच हंगामात दिल्लीने विजेतेपद मिळवले. बाजाराने त्याची किंमत पाचव्या हिश्श्याहून कमी ठरवली, त्या वर्षी तो पुन्हा विजेत्या संघात होता.

दरम्यान, त्याच देशातील मोहम्मदरेझा शाडलुईला पुणेरी पलटणने २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना घेतले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याने मिळवले आणि मार्च २०२४ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. त्यानंतर शाडलुई हरयाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरयाणा विजेता ठरला. भक्कम बचाव विजेतेपद देऊ शकतो, हे संघमालकांना उमगले आहे.

खेळणे थांबले की कारकीर्द संपतेच असेही नाही. जोगिंदर नरवाल हा बचावपटू फेब्रुवारी २०२२ मध्ये दबंग दिल्लीच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी कर्णधार होता. २०२५ मध्ये तोच संघ पुन्हा जिंकला तेव्हा तो प्रशिक्षक होता. वर्षानुवर्षे मागे उभे राहून संपूर्ण मैदान न्याहाळण्याची सवय प्रशिक्षकपदी उपयोगी पडत असली पाहिजे.

वाशीमहून निघणारी वाट

या झगमगाटापासून वाशीम जिल्हा किती दूर आहे? १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन आणि कापसावर अवलंबून असलेली कोरडवाहू शेती, मोठ्या उद्योगांचा अभाव. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा तीत समावेश झाला, त्यांत वाशीम होता. अशा ठिकाणी कबड्डीला एक नैसर्गिक अनुकूलता आहे. सपाट जमीन आणि चुन्याच्या रेषा एवढ्यावर ती सुरू होते.

शाळेतील मुलाचा मार्ग शालेय क्रीडा स्पर्धांमधून जातो. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग आणि त्यानंतर राज्य, अशी ही शिडी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांसाठी असते. संघटनेच्या स्पर्धांची वाट मात्र वेगळी आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून स्वतंत्रपणे उतरतो. वाशीमचा खेळाडू नकाशावर महाराष्ट्राचा असला, तरी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याची निवड विदर्भाच्या संघात होते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तो संघ वेगळा आणि विदर्भाचा वेगळा.

याचे दोन परिणाम संभवतात. मुंबई, ठाणे, पुणे, सांगली, कोल्हापूर अशा बलाढ्य केंद्रांतील खेळाडूंशी संघनिवडीसाठी स्पर्धा करावी लागत नसल्याने राष्ट्रीय मैदानावर उतरण्याची संधी तुलनेने लवकर मिळू शकते. उलट, सरावात रोज तोलामोलाचे चढाईपटू समोर येणे हे त्या केंद्रांतील बचावपटूचे भाग्य असते. ते इकडे दुर्मीळ आहे. कोपरारक्षक एकट्याने सराव करून घडत नाही. त्याला फसवणारा, त्याच्या हातून निसटणारा, पुन्हा पुन्हा येणारा चढाईपटू हाच त्याचा खरा गुरू असतो. म्हणूनच जिल्ह्याबाहेरच्या सामन्यांची संख्या वाढणे, हे वाशीमच्या मुलांसाठी नव्या बुटांइतकेच मोलाचे आहे.

चोवीस जागा

आता साधे गणित मांडून पाहू. प्रो कबड्डीत २०१७ पासून १२ संघ आहेत. प्रत्येक संघाला १८ ते २५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे सर्व संघ पूर्ण भरले तरी जागा होतात ३००. मैदानात उतरणाऱ्या सात जणांत कोपरारक्षक दोन. म्हणजे सगळ्या लीगमध्ये पहिल्या पसंतीच्या जागा केवळ २४ आणि त्यांतील काही परदेशी खेळाडूंकडे. अलीकडच्या लिलावांत सर्वांत वरच्या 'अ' गटाची मूळ किंमत ३० लाख, तर सर्वांत खालच्या 'ड' गटाची ९ लाख रुपये होती. कोटींच्या बोलींच्या बातम्या होतात. मूळ किमतीला विकल्या गेलेल्या आणि विकल्याच न गेलेल्या खेळाडूंच्या होत नाहीत. शिवाय लीगचा हंगाम काही महिन्यांचा. २०२५ चा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपला. वर्षातील उरलेल्या दहा महिन्यांचा चरितार्थ कशावर, हा प्रश्न राहतोच.

त्याचे उत्तर लीगच्या आधीपासून आहे. ते म्हणजे नोकरी. भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य रेल्वे, मुंबई पोलिस अशा संघांची नावे महाराष्ट्रातील स्पर्धांत वर्षानुवर्षे गाजली ती यामुळेच. राज्य शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विहित दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरी आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी आवश्यक असते. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या, पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या ग्रामीण मुलाच्या दृष्टीने राष्ट्रीय स्पर्धेचे ते प्रमाणपत्र लिलावातील बोलीपेक्षा अधिक जवळचे आणि अधिक खात्रीचे असते.

म्हणून कोपरारक्षकाच्या कारकिर्दीचे मोजमाप केवळ लीगच्या पट्टीने करणे चुकीचे ठरेल. गावचे मंडळ त्याला खेळ देते, संघटना आणि नोकरी त्याला स्थैर्य देतात, लीग त्याला नाव आणि पैसा देते. यातील तिसऱ्या गोष्टीच्या मोहात पहिल्या दोन गमावणारा खेळाडू एका दुखापतीने उघड्यावर येऊ शकतो. शिक्षण अर्धवट सोडून केवळ लिलावाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलाला हे वेळीच सांगणे, हे प्रशिक्षकांचे आणि पालकांचे कर्तव्य आहे. त्याचबरोबर दुखापत झालेल्या खेळाडूच्या उपचारांची आणि त्याच्या पुनरागमनाची हमी ही केवळ नामांकितांची चैन न राहता जिल्हा पातळीवरच्या खेळाडूपर्यंत पोहोचली पाहिजे.

कोपरारक्षकाचे सारे कौशल्य एका निर्णयात साठवलेले असते. कधी झेपावायचे आणि कधी थांबायचे. अवेळी झेप घेतली तर तो स्वतः बाद होतो आणि कधी कधी साथीदारांनाही सोबत नेतो. कारकिर्दीलाही हाच नियम लागू पडतो. वाशीमच्या एखाद्या मुलाने त्या चोवीस जागांपैकी एकीवर डोळा जरूर ठेवावा. मात्र झेप घेताना मागची साखळी सुटणार नाही, याची काळजी त्याच्याइतकीच त्याच्या जिल्ह्यानेही घ्यायला हवी.